देहमान आणि हृदयमान

शाळेतील आरोग्यशास्त्राच्या पुस्तकात माणसाचे हृदय ज्याच्या त्याच्या मुठीएवढे असते असे एक वाक्य असते आणि परीक्षेपुरते पाठ करून आपण ते विसरून जातो. परंतु ज्या व्यवसायात माझे बहुतेक आयुष्य गेले, त्यातील एक अत्यंत चिवट प्रश्न त्या वाक्याने किती सहज निकालात काढला आहे, याचे मला पुढे वारंवार नवल वाटत आले. हृदय इतके इंच लांब किंवा इतके तोळे जड असावे, असे ते वाक्य सांगत नाही. ज्याचे त्याच्यावर सोपवून ते मोकळे होते. आम्ही मात्र यंत्रे आणली, कोष्टके आणली, मिलिमीटरापर्यंत मापे काढू लागलो, आणि एवढे सर्व झाल्यावर हे माप मोठे म्हणावे की बेताचे, हे ठरविण्याकरिता पुन्हा त्या माणसाच्या देहाकडेच वळणे आम्हांला भाग पडले. निरोगी प्रौढ माणसाच्या हृदयाचे कप्पे त्याच्या देहाच्या मानाने कसे मोजावेत, हा तो प्रश्न होय. आणि पेण व रोहे या दोन गावांत टू-डी इकोच्या यंत्रापुढे बसून तो जसा माझ्यापुढे आला, तसा येथे मांडण्याचा विचार आहे.

पूर्वीच्या कुलाबा आणि आताच्या रायगड जिल्ह्यातले हे दोन तालुके एकमेकांना लागून आहेत आणि रुळांनीही जोडलेले आहेत. दिव्याहून येणारी गाडी पेण सोडून कासू, नागोठणे, निडी अशी स्थानके घेत रोह्यास पोचते, आणि तेथून पुढे कोकण रेल्वेची हद्द सुरू होते. माझे खोलीभर बिऱ्हाड, म्हणजे यंत्र, पलंग आणि पडदा, पेणेस असे. रोह्यास ठराविक वारी जावयाचे. एवढ्याशा टापूत मनुष्यदेहाचे जितके नमुने दृष्टीस पडतात, तितके एखाद्या मोठ्या शहराच्या रुग्णालयातही एका रांगेत सापडत नसतील. खारेपाटातील रुंद खांद्यांचे आगरी, कुंडलिकेच्या काठचे कुणबी, विनोबांच्या गागोद्याच्या बाजूने डोंगरउतारावर राहणारे ठाकूर आणि कातकरी, धाटावच्या औद्योगिक वसाहतीत देशाच्या चारही कोपऱ्यांतून आलेले कामगार, आणि मुंबई-गोवा रस्त्याच्या कडेला जमिनीचे भाव चढल्यापासून आकाराने आणि वजनाने वाढत गेलेले नवे गृहस्थ. अडतीस किलोंची बाई उठून गेली की तिच्या जागेवर अठ्ठ्याण्णव किलोंचा पुरुष येऊन निजावयाचा, आणि दोघांच्याही कागदावर छापलेली मर्यादा जवळपास एकच.

ध्वनिलहरींनी हृदय पाहण्याची युक्ती १९५३ साली स्वीडनमधील लुंड येथे इंगे एडलर हा वैद्य आणि हेलमुट हर्ट्झ हा पदार्थवैज्ञानिक यांनी प्रथम अंमलात आणली. धातूच्या ओतकामातील भेगा शोधण्याचे यंत्र त्यांनी माणसाच्या छातीवर लावून पाहिले. आमच्या खोलीत तीच युक्ती पुष्कळ सुधारून आलेली. रुग्णाने डाव्या कुशीवर वळावे, छातीला थंडगार जेल लागावी, प्रोब बरगड्यांच्या फटीत बसवावा, ‘श्वास सोडा, तसेच थांबा’ म्हणावे, आणि पडद्यावर डावे निलय पूर्ण फुललेल्या क्षणी चित्र गोठवून भिंतीपासून भिंतीपर्यंत रेघ ओढावी. अमेरिकेतील व युरोपातील इको-संस्थांनी २०१५ साली संयुक्तपणे प्रसिद्ध केलेल्या कोष्टकानुसार हा व्यास स्त्रीमध्ये सुमारे अडतीस ते बावन्न आणि पुरुषामध्ये बेचाळीस ते अठ्ठावन्न मिलिमीटरांच्या दरम्यान असावा. त्याच कोष्टकात शेजारच्या रकान्यात तेच माप शरीराच्या पृष्ठफळाने भागून दिलेले असते. म्हणजे दर चौरस मीटरास किती, असा तो हिशेब. यंत्र तो हिशेब स्वतःच करते. त्याला आरंभी फक्त दोन आकडे भरून द्यावे लागतात, उंची आणि वजन. आणि सगळे पाणी मुरते ते नेमके या दोन आकड्यांत.

मी अनेक ठिकाणी काम करताना पाहिले आहे. लक्षावधी रुपयांचे यंत्र, वातानुकूलित खोली, परदेशी शिक्षणाचा दाखला भिंतीवर. परंतु वजनकाटा कोठे आहे असे विचारले की शिपायाने औषधांच्या रिकाम्या खोक्यांमागून धूळ बसलेला काटा काढून आणावा, आणि उंची मोजावयाची पट्टी तर आस्थापनेच्या यादीतच नसावी. मग रुग्णाला विचारावयाचे. पुरुष आपली उंची फुटांत सांगतो आणि ती बहुधा लग्न ठरतेवेळी सांगितलेली असते. स्त्रियांना ती ठाऊकच नसते. खारेपाटातल्या एका आजींना मी पट्टीपाशी उभ्या राहा म्हटले, तेव्हा त्या पदर सावरीत म्हणाल्या, ‘उंची पोलिसांत भरती होनाऱ्याची मोजतान, माजी कनाला?’ प्रश्न अगदी रास्त होता आणि त्याचे उत्तर त्यांना समजेल अशा शब्दांत देता देता ते मलाही अधिक नीट समजले. जेथे विचारण्याचीही तसदी घेतली जात नाही, तेथे यंत्र चालविणारा मनुष्य सवयीने एकशे साठ आणि साठ असे आकडे ठोकून देतो. आणि त्या दोन आकड्यांच्या पायावर पुढे दशांशचिन्हांकित निष्कर्षांची इमारत उभी राहते.

याचा परिणाम काय होतो ते एका प्रकरणावरून सांगतो. रोह्याच्या बाजूच्या एका कातकरी वाडीवरची तिशीतली बाई चढ चढताना दम लागतो म्हणून आली. तिच्याजवळ दुसरीकडचा एक अहवाल होता, आणि त्यात डावे अलिंद प्राकृत आकाराचे असल्याची नोंद होती. त्याचे आकारमान भरले होते चव्वेचाळीस मिलिलिटर. माझ्या मोजणीतही तेवढेच आले, तेव्हा मोजणाऱ्याच्या हाताबद्दल मला तक्रार नाही. परंतु अहवालात उंची एकशे साठ सेंटिमीटर आणि वजन साठ किलो छापलेले होते, म्हणजे पृष्ठफळ १.६३ चौरस मीटर. आणि चव्वेचाळिसास त्याने भागले की सुमारे सत्तावीस येतात. चौतीसपर्यंतचा आकडा निर्दोष मानावयाचा, सबब मामला निकाली. तिला काट्यावर उभी केली तर वजन भरले अडतीस किलो, आणि उंची एकशे पंचेचाळीस. पृष्ठफळ १.२४ चौरस मीटरांच्या आत. आता तेच चव्वेचाळीस मिलिलिटर दर चौरस मीटरास साडेपस्तिसांच्या वर गेले, आणि अलिंद मोठे झालेले ठरले. मग द्विदली झडप पुन्हा बारकाईने पाहिली, तो तिची टोके किंचित जाड झालेली आणि उघडताना आखडणारी दिसली. बालपणीच्या सांधेतापाची ती मागाहून उमटलेली खूण होती. तिला पुढचे औषधोपचार मिळाले. सांगावयाचे एवढेच की यंत्र खोटे बोलले नव्हते, हातही चुकला नव्हता. चुकला होता तो भाजक.

आता हे पृष्ठफळ म्हणजे काय आणि ते आले कोठून, हेही पाहण्यासारखे आहे. माणसाच्या कातडीचे क्षेत्रफळ कोणी रोज मोजीत नाही. उंची आणि वजन यांवरून ते सूत्राने काढतात. सर्वांत प्रसिद्ध सूत्र १९१६ सालचे. न्यूयॉर्कमधील डेलाफील्ड द्युबॉय आणि यूजीन द्युबॉय या दोघा चुलतभावांनी माणसाला अंगासरशी बसणारे कपडे चढवून त्यांवर कागदाच्या पट्ट्या चिकटविल्या, तो साचा कापून सपाट केला आणि त्यावरून क्षेत्रफळ काढले. अशी माणसे होती नऊ. त्यांचा हेतूही हृदय मोजण्याचा नव्हता. विश्रांतीच्या वेळी शरीर किती उष्णता निर्माण करते याचा हिशेब त्यांना बसवावयाचा होता. पुढे १९८७ साली मोस्टेलर याने ते सूत्र इतके सोपे करून दिले की उंची आणि वजन यांचा गुणाकार करून त्यास छत्तीसशेने भागावे आणि वर्गमूळ काढावे. वर दिलेले माझे आकडे त्याच रीतीचे आहेत. नऊ माणसांच्या कागदी अंगरख्यांवरून निघालेल्या कल्पनेने पुढे शंभर वर्षे औषधांच्या मात्रा आणि हृदयांची मापे ठरविली, हे ऐकून कोणी दचकेल. परंतु सूत्र तितके वाईट नाही. दोष त्याच्या अंकगणितात नसून आम्ही त्याने जे जे सरसकट भागतो त्यात आहे.

हे मला पुस्तकांपेक्षा पेणेने अधिक शिकविले. पावसाळ्याच्या तोंडी पेणेत आणि हमरापूर-जोहे बाजूच्या गावांत कोठेही जा, ओसरीवर, माडीवर, मांडवात गणपतीच्या मूर्ती मांडलेल्या असतात. तेथल्या कोणत्याही कारागिराला विचारा, एक फुटाची मूर्ती त्याच घडणीत दोन फुटांची करावयाची तर रंग किती लागेल. तो दुप्पट म्हणणार नाही, चौपट म्हणेल. आणि ती मूर्ती आतून भरीव असेल तर माती आठपट लागेल. प्रत्यक्षात ती पोकळ असते म्हणून मातीचा हिशेब थोडा निराळा होतो, तो भाग वेगळा. लांबी दुप्पट झाली की पृष्ठ चौपट आणि घनफळ आठपट होते, हा भूमितीचा नियम तो कारागीर पोटापाण्याच्या हिशेबात रोज पाळतो, आणि आम्ही वैद्यमंडळी मात्र सोंडेची लांबी अंगाच्या रंगाने भागून ती योग्य की अयोग्य हे ठरवीत बसतो. निलयाचा व्यास ही लांबी आहे. ती पृष्ठफळाने भागणे म्हणजे एका जातीच्या मापास दुसऱ्या जातीच्या मापाने भागणे होय. अलिंदाचे आकारमान हे घनफळ आहे. तेही पृष्ठफळाने भागले की तसाच विजोड हिशेब होतो, फक्त उलट्या दिशेने. व्यासाच्या बाबतीत लहान चणीच्या माणसाचा भागाकार अकारण फुगतो, आणि घनफळाच्या बाबतीत तो अकारण खाली राहतो. जेम्स टॅनर या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने १९४९ सालीच सरळ भागाकाराच्या या पद्धतीतील हेत्वाभास दाखवून दिला होता. नुसता भागाकार तेव्हाच खरा ठरतो, जेव्हा दोन मापे एकाच प्रमाणात, अगदी शून्यापासून, बरोबरीने वाढत जातात. जिवंत देहात असे क्वचितच घडते. तो निबंध पुष्कळांनी वाखाणला आणि पुष्कळांनी गुंडाळून ठेवला, कारण भागाकार सोपा आहे आणि घातांक अवघड.

त्या कातकरी बाईची जाऊ काही महिन्यांनी आली. पिशवीचे ऑपरेशन करावयाचे होते आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांनी इको मागितला होता. चण हुबेहूब तशीच, वजन अडतीस, उंची एकशे पंचेचाळीस. प्रकृती ठणठणीत, मोळी घेऊन डोंगर उतरणारी बाई ती. निलयाचा व्यास चाळीस मिलिमीटर, आकुंचन उत्तम, झडपा स्वच्छ. चाळीस म्हणजे कोष्टकाच्या खालच्या टोकाजवळचे, लहानसे, नेटके निलय. परंतु यंत्राने इमानेइतबारे १.२४ ने भागून दर चौरस मीटरास बत्तीसांहून अधिक असा आकडा पुढे केला, आणि स्त्रियांची मर्यादा एकतीस असल्यामुळे त्यापुढे लाल खूण उमटली. ऑपरेशनच्या तारखेची वाट पाहणाऱ्या त्या बाईला, तिचे हृदय फुगले आहे असे सांगून मुंबईस धाडणारा एखादा डॉक्टर सहज भेटला असता. मी लाल खुणेकडे दुर्लक्ष केले आणि कागदावर निलय प्राकृत असल्याचे लिहून खाली सही केली. ऑपरेशन झाले, बाई घरी गेली.

जिज्ञासूने आणखी एक गोष्ट ताडून पाहावी. महाधमनीची झडप गळत असेल तर डावे निलय हळूहळू ताणले जाते, आणि आकुंचनाच्या अखेरीस त्याचा व्यास पन्नास मिलिमीटरांपलीकडे गेला की शस्त्रक्रियेचा विचार करावा असे मार्गदर्शक ग्रंथ सांगतात. लहान चणीच्या स्त्रीला पन्नासाची वाट पाहणे म्हणजे तिचे हृदय पार थकेपर्यंत थांबणे होय. म्हणून त्याच ग्रंथांत पर्याय दिला आहे की दर चौरस मीटरास पंचवीस मिलिमीटर धरावेत. हेतू स्तुत्य आहे. पण आमच्या वाडीवरच्या बाईला तो नियम लावून पाहा: पंचवीस गुणिले १.२४ म्हणजे एकतीस मिलिमीटर, आणि निरोगी स्त्रीच्या निलयाचा आकुंचनाखेरचा व्यास सुमारे पस्तीसपर्यंत असू शकतो असे तीच कोष्टके म्हणतात. म्हणजे नियम बरहुकूम पाळला तर निर्दोष हृदयाची बाई शस्त्रक्रियेच्या उंबरठ्यावर उभी राहते. पन्नास तिच्याकरिता फार, एकतीस फार थोडे. खरा आकडा या दोहोंच्या मध्ये कोठेतरी आहे, आणि तो कोठे आहे हे ज्याने त्याने तिला पुनःपुन्हा बोलावून, गेल्या खेपेच्या मापाशी आजचे माप ताडून ठरवावयाचे आहे.

दुसऱ्या टोकाकडची माणसे अधिक समाधानी असतात. पेणेस एक गृहस्थ येत. उंची एकशे बहात्तर, वजन अठ्ठ्याण्णव, रक्तदाब चढा, आणि तो चढा आहे हे मान्य करावयास मुळीच तयार नसलेले. त्यांच्या डाव्या निलयाच्या भिंतीचे वजन दोनशे तीस ग्रॅम भरले. पृष्ठफळ २.१६; भागाकार एकशे सहा; पुरुषांची मर्यादा एकशे पंधरा. ‘बघा, नॉर्मल!’ असे त्यांनी मलाच ऐकविले. परंतु हाच मनुष्य सत्तर किलोंचा असता तर पृष्ठफळ १.८३ झाले असते आणि भागाकार एकशे पंचवीसच्या वर गेला असता. म्हणजे त्यांच्या पोटावर साठलेल्या मेदाने त्यांच्या हृदयाचा विकार कागदावरून पुसून टाकला होता. इटलीच्या जोव्हानी दी सिमोने याने १९९२ साली यासाठी दुसरी रीत सुचविली: देहाच्या पृष्ठाने न भागता उंचीच्या २.७ घाताने भागावे, कारण मनुष्य खाऊन रुंद होतो, उंच होत नाही. त्या रीतीने या गृहस्थांचा आकडा त्रेपन्न आला. पुरुषांची मर्यादा पन्नास. मी त्यांना दोन्ही हिशेब कागदावर करून दाखविले. पहिला त्यांना पटला, दुसरा पटला नाही. गोळी मात्र त्यांनी सुरू केली, आणि वैद्याला तेवढे पुरते.

यावर कोणी म्हणेल की मग पृष्ठफळ टाकून सरसकट उंचीनेच भागावे. तसेही करून चालत नाही. खाचरात आयुष्यभर वाकून लावणी केलेल्या वृद्धा माझ्याकडे येतात. मणके खचलेले, पाठीला पोक आलेला, तरुणपणी असलेली उंची कित्येक सेंटिमीटरांनी उतरलेली. हृदय मात्र त्या तरुणपणाच्या उंचीचे. आजच्या उंचीच्या २.७ घाताने भागले तर त्या सगळ्याच जणी हृदयवृद्धीच्या रुग्ण ठरतील. अशांचे दोन्ही हात आडवे पसरून बोटाच्या टोकापासून टोकापर्यंतचे अंतर मोजावे. ते तारुण्यातील उंचीच्या जवळपास असते आणि वयाबरोबर फारसे उतरत नाही.

मूळ प्रश्न असा की हृदय कोणासाठी राबते. मेदाला रक्त थोडे लागते. स्नायू, यकृत, मूत्रपिंडे आणि मेंदू यांना पुष्कळ. म्हणून देहातील मेद वजा जाता जो मांसल भाग उरतो, त्याच्याशी हृदयाचे माप सर्वांत चांगले जुळते, असे या विषयातले अभ्यासक सांगतात, आणि ते तर्काला धरून आहे. रायगड जिल्हा कबड्डीचा. येथल्या मैदानावरचा एखादा चढाईपटू आणि बाजारपेठेतला एखादा दुकानदार यांची उंची एकशे पंच्याहत्तर आणि वजन शहात्तर, दोन्ही तंतोतंत सारखे असू शकते. यंत्राच्या लेखी दोघांचे पृष्ठफळ १.९२. खेळाडूचे निलय सत्तावन्न मिलिमीटर असेल तर ते त्याच्या कमाईचे आहे. दुकानदाराचे तेवढेच असेल तर मी त्याला दोन प्रश्न जास्त विचारीन. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनच्या जॉन युडकिन यांच्यासोबत २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचे एक छायाचित्र छापले होते. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक एकच, २२.३, परंतु युडकिनांच्या देहात मेद शेकडा ९.१ आणि याज्ञिकांच्या देहात शेकडा २१.२. वरून सडपातळ आणि आतून मेदुर अशा या मराठी देहाचा अभ्यास याज्ञिकांनी पुण्याच्या आसपासच्या खेड्यांतील नवजात अर्भकांपासून केला. माझा तर्क असा आहे की आपल्याकडच्या हृदयांची मापे पृष्ठफळाने भागल्यानंतरही पाश्चात्त्यांपेक्षा लहान येतात, त्यामागे इतर कारणांबरोबर हेही एक असावे: भाजकात मेद अधिक, मांस कमी.

ती लहान येतात याबद्दल आता शंका उरलेली नाही. पश्चिम लंडनमध्ये राहणाऱ्या भारतीय वंशाच्या आणि गोऱ्या लोकांची तुलना २०१० साली प्रसिद्ध झाली, तीत हेच दिसले. इको-संस्थांच्या जागतिक संघाने पंधरा देशांतील २,००८ निरोगी प्रौढांची मापे एकाच पद्धतीने घेऊन २०१९ साली निष्कर्ष मांडले. पृष्ठफळाने भागलेले निलयाचे आकारमान सर्वांत अधिक ऑस्ट्रेलियात आणि सर्वांत कमी भारतात. आपल्याकडेही नागपूरच्या डॉ. शंतनु सेनगुप्ता यांचा सहभाग असलेला निरोगी भारतीयांच्या मापांचा एक प्राथमिक अभ्यास २०१६ साली ‘इंडियन हार्ट जर्नल’मध्ये आला. तरीही आमच्या यंत्रांत जी मर्यादा भरून येते, ती बहुतांशी युरोप आणि अमेरिकेतील देहांवरून काढलेली. त्या मर्यादेने मोजले तर आपल्याकडचे ताणू लागलेले निलय पुष्कळ काळ निर्दोष दिसत राहते, कारण ते परकीय कोष्टकाच्या तळाकडून वर सरकत असते आणि माथ्यापर्यंत पोचावयास त्याला वर्षे लागतात. शिवाय ती मर्यादाही काही शाश्वत नाही. अलिंदाची सीमा २००५ सालच्या कोष्टकात अठ्ठावीस होती, ती २०१५ साली चौतीस झाली. ज्यांचा आकडा तीस-बत्तीस होता, ते सर्वजण झोपले तेव्हा रोगी होते आणि सकाळी उठले ते निरोगी.

मी स्वतःपुरती एक वहिवाट पाडून घेतली. दाराशीच काटा आणि भिंतीला पट्टी. चपला, मोबाइल आणि जमल्यास जोडवी-पैंजण काढून, आत येण्याआधीच मोजणी. कागदावर कच्चे माप प्रथम, मग पृष्ठफळाचा भागाकार, आणि देह फार लहान वा फार स्थूल असेल तर उंचीचाही. व्यास आणि घनफळ यांची परस्परांशी रुजवात. शेवटी माझा अभिप्राय, माझ्या शब्दांत, यंत्राच्या नव्हे. यास माणशी पाच मिनिटे जास्त लागतात, आणि रोह्याची परतीची गाडी चुकण्याची भीती असते, हे मान्य आहे. कित्येक तरुण सहकारी मला विचारतात की एवढा खटाटोप कशाला, यंत्र सर्व देतेच. यंत्र भागाकार देते. कोणास कशाने भागावे हा निवाडा ते करीत नाही. जो तो निवाडा यंत्रावर सोडतो, त्याने सहीसुद्धा यंत्राचीच घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे.

वाचकास एवढीच विनंती, की टू-डी इकोसाठी गेलात आणि आत घेण्यापूर्वी कोणी तुम्हांला काट्यावर उभे केले नाही, पट्टीला पाठ लावावयास सांगितले नाही, तर ते आपण होऊन मागा. आणि अहवाल हाती आला की निष्कर्षाच्या ओळीआधी वरच्या कोपऱ्यात छापलेली उंची आणि वजन वाचा. ते तुमचे नसतील, तर खालचे हृदयही तुमचे नाही असे समजून कागद परत करा.